वेळ उरला तर समुद्र

दुर्गाबाईंना समुद्र पाहायचा होता. मागणी तशी अवघड नव्हती. समुद्र जागेवरच असतो, त्याची बदली होत नाही आणि सोमवारी तो बंदही नसतो. तरीही बासष्ट वर्षांत त्याची भेट झाली नव्हती. माहेर मेहकरचं, सासर वाशीमचं. पुढे हिंमतरावांना भोसरीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्याला आल्या. पुण्यात सगळं आहे, असं पुणेकर सांगतात. समुद्राचं विचारलं तर त्याची गरज नाही, असंही सांगतात.

या वर्षी मुलगा दिग्विजय म्हणाला, "आई, दिवाळीनंतर गोवा. गाडी माझी, ड्रायव्हिंग माझं. खिडकी उघडली की समुद्र."

दुर्गाबाईंनी त्याच दिवशी वाळूत चालायला चपला घेतल्या. चूक एकच झाली. ही बातमी हिंमतरावांच्या कानावर घातली.

हिंमतराव कारखान्याच्या नियोजन विभागातून निवृत्त झाले होते. म्हणजे कारखाना त्यांना सोडून गेला होता, नियोजन नाही. धायरीच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी जेवणाच्या टेबलामागे जुन्या कॅलेंडरचा उलटा कागद चिकटवला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

"गोव्याला जातोच आहोत," ते म्हणाले, "तर कोल्हापूरला अंबाबाई वाटेतच आहे."

याला कोण नाही म्हणणार? अंबाबाई आली. अंबाबाई झाली की जोतिबा राहिला तर बरं दिसत नाही, म्हणून जोतिबा आला. नृसिंहवाडी थोडी आडबाजूला होती, पण थोडीच. गडहिंग्लजला हिंमतरावांचे मावसभाऊ उत्तरेश्वर राहतात. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला जाणं झालं नव्हतं. इतक्या जवळून जाऊन घरी गेलो नाही हे त्यांना कळलं तर? आणि कळणारच, कारण दिग्विजय फोटो टाकतो. उत्तरेश्वरांकडे एक मुक्काम पडला.

"बाबा, ही ट्रिप आहे की मतदारसंघाचा दौरा?" दिग्विजयने विचारलं.

"तू गाडीच्या हवेचं बघ."

मग दिग्विजयने राखून ठेवलेल्या समुद्रासमोरच्या खोलीवर चर्चा झाली. खारी हवा सांध्यांना वाईट. शिवाय तिथे सकाळी सातला चहा मिळेल याची खात्री काय? हिंमतरावांनी हॉटेलला फोन करून विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, नाश्ता आठ वाजता. हिंमतरावांनी खोली रद्द करायला लावली आणि फोंड्याजवळच्या देवळाची अग्रशाळा, म्हणजे तिथली धर्मशाळा, पक्की केली. स्वच्छ, शाकाहारी, सातला चहा. अग्रशाळेतून समुद्र दिसत नव्हता, पण मंगेशी आणि शांतादुर्गा हाताशी होत्या.

"आणि पणजी?" दुर्गाबाईंनी आशेने विचारलं. नकाशात पणजी अगदी निळ्या रंगाला टेकलेली होती.

"पणजी आहे ना! अर्धा दिवस. काजू घ्यायचे, जुनी घरं बघायची, संध्याकाळी बोटीत बसायचं. मांडवी."

"ती नदी आहे."

"पाणीच ना शेवटी?"

त्या दिवशी दुर्गाबाईंच्या आमटीत मीठ नव्हतं.

पुढच्या रविवारी हिंमतरावांनी कागद अंतिम झाल्याचं जाहीर केलं. समोरच्या फ्लॅटमधल्या नसीमबानू आपलं मिक्सरचं भांडं परत न्यायला आल्या होत्या. त्यांनाही बसवून कार्यक्रम ऐकवला. नसीमबानूंनी तो सगळा ऐकून घेतला आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, दुर्गाताई समुद्र म्हणत होत्या ना? तो कुठं दिसला नाही यात."

"आहे की. चौथा दिवस, काजूनंतर." हिंमतरावांनी पेन्सिल टेकवली. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: वेळ उरला तर समुद्र.

"आणि गाडीतून उतरायची गरज नाही," त्यांनी दिलासा दिला. "रस्त्यावरूनच छान दिसतो. पाय भिजवले की वाळू गाडीत येते."

दुर्गाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. रागावल्या की त्यांच्या तोंडी मेहकर यायचं.

"काहून हो, देव समदे वाटेत अन् समुद्रच तेवढा आडवाटेला?"

"अगं, देवदर्शन टाळायचं का हौसेसाठी?"

"हौस नाही." दुर्गाबाईंची नजर हिंमतरावांच्या पायांकडे गेली. "नवस आहे."

"कसला नवस?"

"मागच्या वर्षी तुमचा गुडघा बदलला तेव्हा बोलले होते. हे चालायला लागू देत, मी समुद्राला नारळ वाहीन."

हिंमतरावांचा हात आपोआप गुडघ्याकडे गेला. गुडघा उत्तम चालला होता. रोज सिंहगड रस्त्यावरून भाजी आणत होता.

"मग सांगायचं नाही का आधी!" ते हादरले. "न फेडलेला नवस घेऊन वर्षभर जिने चढतोय मी!" त्यांनी खोडरबर उचललं. जोतिबा गेला, वाडी गेली, काजू गेले. उत्तरेश्वरांवर हात थोडा अडखळला, पण गुडघा जवळचा होता. "पहिल्याच दिवशी थेट समुद्र. नारळ वाहायचा, नमस्कार करायचा, पंधरा मिनिटांत बाहेर."

दुर्गाबाईंचा चेहरा पुन्हा पडला. समुद्र मिळाला होता, तोही रांगेतल्या दर्शनासारखा. दिग्विजय काही बोलणार होता, पण नसीमबानूंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"पंधरा मिनिटांत नाही फिटायचा," दुर्गाबाई म्हणाल्या. "सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काठावर बसायचं. पाय पाण्यात. असं बोललेय मी."

"दिवसभर? आणि मी काय करायचं?"

"तुम्हीही बसायचं. गुडघा तुमचाच आहे."

"बोलायचं तरी चालतं का?"

"इतका बारीक नवस नव्हता," दुर्गाबाई म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, "पण दुसऱ्या दिवसाचं प्लॅनिंग चालत नाही."

नसीमबानू घाईने उठल्या. भांडं टेबलावरच राहिलं, पण त्यांचं हसू जिन्यात खालपर्यंत ऐकू आलं.

हिंमतराव फोन घेऊन गॅलरीत गेले. रद्द केलेल्या हॉटेलचा नंबर त्यांनी पुन्हा लावला.

"हो, तीच खोली. समोर समुद्र पाहिजे. समोर म्हणजे अगदी समोर... चहा आठला? चालेल... नाही हो, हौस कसली, धार्मिक काम आहे... किती दिवस? एक मिनिट, मिसेसना विचारतो."