कुंभारणीची वाट

अनुजाने विहिरीची शेवटची कळशी पिंपात ओतली ती जरा आदळूनच. पिंपाच्या कडेला होडीची मशीन अडकवलेली होती, पंखा पाण्यात बुडवून, आणि विनीत तिच्या अंगावरून फडकं फिरवत होता.

"आंघोळ तर झाली तुमच्या नवरीची," अनुजा म्हणाली. "हळद आणू काय लावूक?"

विनीत नुसता हसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता, आणि ह्या नवऱ्याचा सगळा जीव ह्या लोखंडात. पावसाळाभर मशीन पडवीत होती ती अनुजाची मऊ जांभळी साडी पांघरून. तीही एक बाजू उघडी ठेवून. सवतीला गुदमरायला नको!

त्यात ती कुंभारीण. ह्या माशीने मातीचं घर बांधलं की त्या घरात पोर येतं, ते मोडू नये, असं सासू हौसाबाई सांगायची. अनुजा रोज दाराची चौकट न्याहाळायची. कोळिष्टकं तेवढी दिसायची. आणि माशीने चिखलाची गोळी घेऊन जायचं कुठे, तर मशीनच्या भोकात! अनुजाने पाहिलं आणि कोणाला बोलली नाही. जिचं नशीब तिला लखलाभ.

आज होडीतला भागीदार बाबली होडी पाण्यात घालायची तंबीच देऊन गेला, म्हणून मशीन पिंपात उतरली होती. विनीतने दोरी ओढली. मशीन धडधडली, पिंपातलं पाणी ढवळून निघालं, पण बाजूच्या बारक्या भोकातून उडायची ती धार उडेना. धार नाही तर आत पाणी फिरतंय की नाही कळायचं कसं? न फिरलं तर मशीन भर समुद्रात तापून बंद पडणार. विनीतने ती बंद केली. खिशातून तार काढली, भोकापर्यंत नेली आणि परत खिशात घातली.

"रवांदे. फाल्या बघूया."

उद्या, उद्या! सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या, ह्याचं उद्याच संपत नव्हतं. लाडकीला तारेचा ओरखडा उठेल ना! अनुजाच्या अंगाची लाही लाही झाली. तिने केसातली पिन ओढली आणि भोकात खुपसली.

"अगो, थांब!"

मातीचा पोपडा फुटून जमिनीवर पडला.

"आता चालू करा तुमची राणी."

तो हलला नाही, तेव्हा तिनेच हिसका देऊन दोरी ओढली. धार सुटली, लांब, तुळशीपर्यंत. जिंकल्यासारखी ती वळली. विनीत धारेकडे बघतच नव्हता. उकिडवा बसून तो मातीचे तुकडे तळहातावर गोळा करत होता.

"आयेन सांगल्यान नाय तुका? मोडूचा नसता तां."

"सांगल्यानी."

"माका पण." त्याने मूठ मिटली. "तिका येवक-जावक वाट रवांदे म्हणान तर तुझ्या साडयेची एक बाजू उघडी ठेवलंय."

अनुजाने हाताकडे पाहिलं. पिनेच्या टोकाला ओली माती होती, ती तिने मुठीत घट्ट धरली. मागे धार पडतच होती, आणि मशीन बंद करायला दोघांपैकी कोणीच पुढे झालं नाही.