लहान आकडा

"नाव सांगा," लुआनताईंनी मान वर न करता विचारलं. समोरच्या बाईनं नाव सांगितलं आणि लुआनताईंचं बोट यादीवर जागच्या जागी थांबलं.

दो थी न्हान. व्हिएतनामची बाई, वय एकाहत्तर, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली. मुक्कामाची मुदत संपून तेहतीस दिवस झालेले. मुदत उलटूनही परत न गेलेल्या पाहुण्यांची ही यादी रोज सकाळी आठला निघायची, आणि गेली एकोणतीस वर्षं ती लुआनताईंच्या टेबलावर यायची. फोन करायचा, नाही उचलला तर पत्र धाडायचं, त्यानंही भागलं नाही तर शोधपथकाकडे नाव. न्हानआजींचं नाव याच आठवड्यात पथकाकडे जायचं होतं. फरारी म्हणून जिचा शोध सुरू होणार, ती बाई लिचीची पिशवी घेऊन, केस चापून बसवून, हसत समोर उभी होती. शेजारी पाठीला पोर बांधलेली तिची लेक, क्वेन.

"आई निरोप घ्यायला आलीय," क्वेन म्हणाली. "परवाचं विमान आहे. म्हणाली, त्या बाईंनी मुदत वाढवून दिली, त्यांना भेटल्याशिवाय जायचं नाही. ही लिची तुमच्यासाठी."

"लिची राहू दे बाजूला. तुमची मुदत महिन्यापूर्वीच संपलीय. फोन का नाही उचललात? पत्राचंही उत्तर नाही."

"तो नंबर ह्यांचा, पत्ताही ह्यांच्या जुन्या घरचा. हे बोटीवर आहेत, खोल समुद्रात. तिथं कुठला फोन लागायला?" क्वेनचा चेहरा उतरला. "पण मुदत परवा संपते ना? सहावा महिना, बारा तारीख. कागदावर तसंच आहे."

"मग? सहावा महिना केव्हाच सरला. आज सातव्याची पंधरा."

क्वेननं आईला सांगितलं. आजींनी ठाम मान हलवली आणि काउंटरमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगलं होतं, घरोघरी असतं तसलंच. मध्ये तारखेचा भला मोठा आकडा, खाली कोपऱ्यात चांद्रमासाची तिथी बारीक अक्षरांत. आजींचं बोट त्या बारीक अक्षरांवर होतं. तिथं आज सहाव्या महिन्याची दहावी तिथी होती. त्या हिशेबानं बारावा दिवस खरोखरच परवा उजाडत होता.

"आई म्हणते, तेव्हाही तिनं हाच लहान आकडा दाखवून विचारलं होतं, चंद्राचा ना? आणि तुम्ही हो म्हणालात."

"मी? शक्यच नाही."

लुआनताईंनी हे म्हटलं आणि त्याच क्षणी त्यांना तो दिवस आठवला. चौथा महिना, रांग दारापर्यंत गेलेली, टेलिफोन खणखणतोय. लेक बाळंतिणीचा सव्वा महिना पाळत घरात, जावई गाडी लावायला बाहेर, आणि म्हातारी एकटीच काउंटरशी. "सहावा महिना, बारा," असं त्यांनी बोटांनी दाखवलं होतं. म्हातारीनं कॅलेंडरकडे बोट करून काहीतरी विचारलं होतं. लुआनताईंनी वळून पाहिलंच नव्हतं. पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेत त्यांनी मान डोलावली होती.

इथल्या काय नि व्हिएतनामच्या काय, म्हाताऱ्या माणसांचं लग्न, बारसं, वर्षश्राद्ध सारं चंद्रावरच चालतं. लुआनताईंची स्वतःची आईदेखील वाढदिवस लहान आकड्यावरच धरायची.

"आता काय होईल हो?" क्वेननं हळूच विचारलं.

"दंड होईल. आणि तीन वर्षं परत येता येणार नाही."

क्वेननं हे भाषांतर करून सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. आजींनी लेकीचा चेहरा पाहिला, मग पाठीवरच्या पोराचं पाऊल मुठीत धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. एकाहत्तरीत तीन वर्षं म्हणजे काय, हे कुणी कुणाला समजावून द्यायची गोष्ट नव्हे.

"बसा तुम्ही दोघी," लुआनताई उठल्या. "मी आलेच."

कार्यालयाचे प्रमुख को साहेब चाळिशीचे, मनानं चांगले, पण कुठलाही कागद आधी चिमट्यात धरून बघणारे. सगळं ऐकून त्यांनी चहाच्या कपावर झाकण ठेवलं.

"लुआनताई, मान डोलावल्याची नोंद कुठं असते का? तुम्ही डोलावली की माशी हाकलली, कोण सांगणार? कारणात लिहा, 'पाहुण्याचा गैरसमज'. विषय संपला."

"गैरसमज लिहिला तर बंदी लागते. कर्मचाऱ्याची चूक लिहिली तर लागत नाही. नियम मला पाठ आहे, साहेब."

"तोच नियम पुढंही वाचा ना. चूक तुमच्या सेवापुस्तकात चढेल. वर्षाअखेर तुम्ही निवृत्त होताय. आदर्श कर्मचारी म्हणून तुमचं नाव मीच वर पाठवलंय. एकोणतीस वर्षं एक डाग नाही, आणि आता काठाशी येऊन बुडायचं?"

"बुडत नाहीये मी. चुकलेय."

"अहो, पण कुणासाठी? ती परत जाईल, तुम्हाला विसरेलसुद्धा."

"विसरू दे की. तिनं विचारलं होतं, साहेब. इतकी माणसं येतात, कळो न कळो, माना डोलावून निघून जातात. ही म्हातारी बोट दाखवून विचारत होती, आणि मान मी डोलावली."

"मी सही करणार नाही," को साहेब म्हणाले. त्यात राग नव्हता, काळजीच होती.

लुआनताई जागेवर आल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या होत्या, त्यामुळे मजकूर शोधावा लागला नाही. 'तारीख सांगताना मी कॅलेंडरकडे न पाहता होकार दिला. पाहुण्यांनी विचारणा केली होती. चूक माझी आहे.' ड्रॉवरमधून त्यांनी सहीसाठी वापरायचा आपला स्वतःचा शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि नावावर उमटवला. शिक्का सरळ आला.

मग त्या को साहेबांकडे गेल्याच नाहीत. थेट आवक विभागात गेल्या. एकदा कागदाला आवक क्रमांक पडला की तो प्रमुखालाही पोटात घालता येत नाही. सही करून वर धाडावाच लागतो. ही वाट लुआनताईंनीच कितीतरी नव्या पोरींना शिकवली होती.

"ताई, तुम्ही वाचलंय ना हे नीट?" आवकच्या मुलीनं विचारलं.

"मीच लिहिलंय. टाक क्रमांक."

को साहेबांनी सही केली. मान हलवत केली, पण त्याच संध्याकाळी केली, आणि वर फोन करून कागद दुसऱ्या दिवशी मोकळाही करून आणला. दंड झाला नाही, बंदीही लागली नाही.

त्याच दुपारी आजी कागद घ्यायला आल्या. लिचीची पिशवी पुन्हा बरोबर होतीच.

"आम्हाला काही घेता येत नाही," लुआनताई म्हणाल्या.

"आई म्हणते, मग इथंच सोलून खा. खाल्लेलं घेतलं असं कोण म्हणेल?"

लुआनताईंना हसू आलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काउंटरवर काही तोंडात टाकलं. आजींनी नातवाकडे बोट केलं, मग दोन बोटं दाखवली, मग दहा आणि एक. दुसरा महिना, अकरा. पोराचा पहिला वाढदिवस, तेव्हा परत येणार.

"लहान आकडा?" लुआनताईंनी विचारलं. या वेळी त्या भिंतीकडे वळल्या, कॅलेंडरपाशी गेल्या आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"लहान," आजी म्हणाल्या. शब्द त्यांनी लेकीकडून तेवढ्यापुरता शिकून घेतला होता.

पुढच्या आठवड्यात हुकूम आला. काउंटरजवळ चांद्र तिथीचं कॅलेंडर नको. लुआनताईंनी ते आपल्या हातानं उतरवलं. भिंतीवर स्वच्छ चौकोन आणि खिळा उरला. सेवापुस्तकात ताकीद चढली. वर्षाअखेरीस आदर्श कर्मचाऱ्याची पाटी दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत लुआनताई पहिल्या रांगेत होत्या. वाईट वाटलं. फार वाटलं. तसं त्यांनी घरी येऊन स्वतःशी कबूलही केलं.

नव्या वर्षाचं कॅलेंडर त्यांनी स्वयंपाकघरात लावलं आणि दुसऱ्या महिन्याचा लहान अकरा असलेल्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. ते पान उजाडलं तेव्हा त्यांनी सवयीनं आठला चहा घेतला. यादी आता त्यांच्याकडे येत नव्हती. कोण आलं, कोण गेलं, कळायला काही मार्ग नव्हता. आजी आल्या असतील किंवा नसतील. गुडघे दुखत असतील, तिकिटाचं जमलं नसेल. पण निघाल्या असतील तर त्यांना दारात अडवणारा कागद कुठंच नव्हता, एवढं लुआनताईंना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पान फाडलं. टाकून दिलं नाही. घडी घालून शिक्क्याच्या डबीत ठेवलं.