पाच मिनिटांचा टायमर

स्क्रू काढून तिने रिमोटचं झाकण उचललं आणि आत पाहून ती मैदानाच्या कडेला तशीच बसून राहिली. बटण अडकत असेल, जरा पुसून घ्यावं, एवढ्यासाठीच तिने तो उघडला होता. आत एक सेल होता, लाल दिवा होता, दिव्याला जोडलेल्या दोन वायरी होत्या. मोटरला सिग्नल पाठवणारी हिरवी पट्टी नव्हती. तिच्या जागी कापसात गुंडाळलेला एक बोल्ट होता. रिमोट हाताला हलका लागू नये म्हणून.

ती पट्टी तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने तिच्यासमोरच बसवली होती. त्याला मधूनमधून चक्कर यायची, आणि छंद कुठला, तर लांब तारांना बांधलेलं मोटरचं छोटं विमान उडवायचं आणि तारांची मूठ हातात धरून त्याच्याबरोबर स्वतःभोवती गरागरा फिरायचं. छंद सोडा म्हटलं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. शेवटी तडजोड झाली. तिने रिंगणाबाहेर रिमोट घेऊन उभं राहायचं. त्याचा तोल गेला की बटण दाबायचं, मोटर बंद. तेव्हापासून दर रविवारी ती डोळ्यात तेल घालून उभी राहायची.

दोन महिन्यांपूर्वी तो खरंच पडला. मोटर चालूच राहिली. मुठीचा पट्टा मनगटाला अडकवलेला. विमानाने असा हिसडा दिला की मनगटाचं हाड मोडलं.

"घाबरली बिचारी, बटण दाबायचं राहून गेलं," तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. "मी नाही काही मनात ठेवलेलं."

केवढं मोठं मन! तिलाही ते खरंच वाटलं. प्लास्टर निघेपर्यंत तिने त्याला घास भरवले आणि प्रत्येक घासाला स्वतःला दोष दिला.

"वहिनी, दाबला हं टायमर!" पलीकडून विमान धरून बसलेला दीर ओरडला.

आता वीस सेकंदांत मोटर सुरू होणार आणि मोजून पाच मिनिटं चालणार. मधे ती थांबवणारं कुणीही नव्हतं. कधीच नव्हतं. ती उठली आणि रिंगणाच्या मध्यावर, तारांची मूठ धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे धावत गेली.

"तू इथे कशाला? बाहेर हो!"

तिने मागून त्याचा कमरपट्टा गच्च धरला. मोटर गरजली, दिराने विमान सोडलं, आणि तारा ताणल्या गेल्या. विमानाबरोबर तो फिरू लागला आणि त्याच्यामागे ती.

"अहो, रिमोट उघडला मी."

त्याला मागे वळता येत नव्हतं. नजर विमानावरून हलवायची सोय नव्हती. दोन फेऱ्या तशाच गेल्या.

"पट्टी कधी काढलीत?"

"पहिल्याच महिन्यात. सिग्नल जरा तुटला की मोटर बंद पडायची. विमान डोक्यावर असताना तारा सैल पडल्या, तर संपलंच."

"मग मला सांगायचंत."

"सांगितलं असतं, तर उडवू दिलं असतंस?"

चोराच्या उलट्या बोंबा! तरी तिची त्याचा कमरपट्टा सोडायची हिंमत होईना.

"दोन महिने माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मला वाटलं, दाबलं असं नुसतं वाटतंय. हात गोठला असेल आपला."

विमान एक फेरी फिरून आलं.

"दाबलं होतंस," तो हळूच म्हणाला. "पडल्या पडल्या पाहिलं मी. दोन्ही अंगठ्यांनी दाबत होतीस."

तिला क्षणभर मोटरचा आवाजही ऐकू येईना. तेवढ्यात त्याचं पाऊल अडखळलं. तिने दोन्ही हातांनी त्याला सावरलं आणि पुन्हा विमानाच्या दिशेने वळवलं.

"किती वेळ राहिलाय?"

"दीड मिनिट असेल."

"मग तेवढ्यात सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर मला माफ कशाबद्दल केलंत?"

विमान फिरत राहिलं, आणि मध्यावर ती दोघं.