पांढरंशुभ्र

मावशीने बाटलीचं झाकण उघडलं आणि दुकानातल्या सगळ्यांच्या देखत आपल्याच गायींचं दूध घटाघटा पिऊन टाकलं.

"आता सांगा, काय मिसळलंय यात?"

गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या बाकीच्या बाटल्या काउंटरवर तशाच उभ्या होत्या. दूध पिवळसर दिसतं, म्हणजे भेसळ असणारच, असं त्यांचं म्हणणं. दुकानवाली ओशाळली होती, पण बाटल्या काही तिने फळीवर ठेवल्या नाहीत.

"मला कळतं हो, मावशी. ओल्या गवतानं दूध पिवळं होतं. पण एकेकाला मी किती समजावू? लोकांना पांढरंशुभ्र लागतं. थोडे दिवस गायींना कोरड्या चाऱ्यावर ठेवा ना."

"आणि बाटलीवर ते हिरवंगार कुरण छापलंय, त्याचं काय?"

"ते राहू दे. त्याच्यावरच तर खपतं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रासायनिक खताचा कणही न टाकता ते कुरण तिने आणि नवऱ्याने राखलं होतं. शेजारच्या गोठ्यातल्या गायी पोतंपोतं खुराक खाऊन जेवढं दूध द्यायच्या, त्याच्या निम्मंही तिच्या गायी गवतावर देत नव्हत्या. हे दुकान चढा भाव देतं म्हणून गोठा तगला होता. साध्या डेअरीत दूध घातलं, तर वर्षाच्या आत गायी विकायची पाळी. भाव गवताचा द्यायचा आणि गवत दुधात दिसलं की नाकं मुरडायची! तिने रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि घरची वाट धरली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग आता?"

"आता काय! लावा कुरणाच्या फाटकाला कडी."

पलीकडे गवत गुडघ्याला लागलं होतं. गायी फाटकाशी उभ्या राहून हंबरायच्या आणि नाइलाज झाला की कोरड्या चाऱ्याला तोंड लावायच्या. धार काढताना मावशी त्यांच्याकडे बघायची नाही.

"राणीसाहेब, तुमच्यावर रुसल्यात त्या," नवरा चिडवायचा. एरवी तिने सव्याज परतफेड केली असती. आता ती नुसती बादली उचलून चालू लागायची.

हळूहळू दूध पांढरं झालं. मग एका सकाळी दुकानवालीचा फोन आला.

"मावशी, लोक जाम खूश आहेत! एक बाई तर म्हणाल्या, आता कसं खरं कुरणातलं दूध वाटतंय!"

तेवढ्यात फाटकाशी सगळ्या गायी एकदम हंबरल्या.

"अय्या, इथपर्यंत ऐकू येतंय! कुरणात आहेत वाटतं?"

"कुरणासाठीच ओरडतायत," मावशी म्हणाली.

"किती गोड!"

मावशीने वळून पाहिलं. नवऱ्याने डोक्यावरचा चाऱ्याचा भारा खाली टाकला होता. फाटकाच्या कडीवर हात ठेवून तो तिच्याकडे बघत होता. दुकानवाली अजून बोलतच होती. फोन कानाशी तसाच धरून मावशीने त्याला मानेनेच 'उघडा' म्हणून सांगितलं.