मी वाकड्या रेघांच्या बाजूने आहे

मी एक जुने दाताळे आहे. मित्रांनो, माझी कीव मुळीच करू नका. माझा एक दात पडला आहे, दांडाही बदलून झाला आहे, पण पालापाचोळा ओढायला उरलेले दात पुरेसे आहेत. शेजाऱ्यांकडे पाने उडवणारे विजेचे यंत्र आले आहे. ते खुशाल बोंबलत बसो. मी हार मानणाऱ्यांपैकी नाही.

एका लोहाराने मला भट्टीत लाल करून, ठोकून घडवले. या घरच्या बाबांनी मला खांद्यावर टाकून आणले. बाबांची एक सवय होती. सुट्टीच्या सकाळी पाने गोळा झाली की ते मोकळ्या मातीवरून मला थेट फाटकापर्यंत ओढत नेत आणि सरळ रेघा काढत. अंगणाचा भांग पाडल्यासारखे दिसे. येणारे-जाणारे थांबून वाहवा करत. खोटे कशाला बोलू, मीही फुशारून जाई.

पुढे मुले हाताशी आली. आई म्हणाली, "अहो, दोघांनाही घ्या की सोबत. अंगण त्यांचंही आहे." मग ताई मला ओढू लागली आणि धाकटा गुंड्या टोपली घेऊन तिच्यामागे पळू लागला. माझा दांडा ताईच्या डोक्याच्याही वर जाई, पण पठ्ठी हटली नाही. तिच्या रेघा वेड्यावाकड्या निघाल्या. एका ठिकाणी तर गुंड्याला गांडूळ दिसले, म्हणून रेघ त्याला वळसा घालून गेली. मला त्या रेघा फार आवडल्या.

"शाब्बास रे पोरांनो!" बाबा म्हणाले. मुले हातपाय धुवायला आत पळाली. आणि बाबांनी काय करावे? मला उचलून सगळे अंगण पहिल्यापासून पुन्हा ओढले! गांडुळाचा वळसाही पुसला. मला असा संताप आला म्हणून सांगू!

दर सुट्टीला हेच चालले. एकदा ताईने ते खिडकीतून पाहिले. तिचे तोंड एवढेसे झाले. पुढच्या सुट्टीला तिच्या पोटात दुखू लागले आणि ताई नाही म्हणून गुंड्याही नाही.

"आजकालच्या मुलांना कामाचा नुसता कंटाळा," बाबा आईला म्हणाले. वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा! पण दाताळ्याचे कोण ऐकतो? मी भिंतीला टेकून गंजत राहिले.

शेवटी बाबांनी ठरवले, सगळ्या अंगणाला फरशी घालायची. एका सकाळी गवंडी टेप घेऊन मापे घ्यायला आला.

"हे दाताळं काय करायचं?" त्याने विचारले.

"टाका भंगारात," बाबा म्हणाले.

तेवढ्यात ताई तरातरा बाहेर आली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरले. "फरशी नको. अंगण मी ओढणार."

"अगं, तुम्हालाच कंटाळा येतो ना?"

"आम्हाला कंटाळा नव्हता आला, बाबा. आम्ही केलेलं तुम्ही परत करता. मी बघितलंय. मग आम्ही कशाला करायचं?"

बाबांनी आईकडे पाहिले. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. गवंड्याने टेप गुंडाळला. "तुमचं घरचं मिटू द्या, मी चहा घेऊन येतो," म्हणत तो सटकला.

ताईने मला ओढायला सुरुवात केली. गुंड्या टोपली घेऊन हजर झाला. रेघा पुन्हा वाकड्याच! बाबांचा हात आपोआप माझ्या दांड्याकडे आला. "जरा एवढी एकच..."

"बाबा!" ताई कडाडली.

बाबांनी हात मागे घेतला. केवढे जड गेले त्यांना! गवंडी परत आला, तेव्हा त्यांनी त्याला फरशी नको म्हणून सांगून टाकले. तेवढ्यात फाटकातून शेजारचे काका डोकावले. "काय हो, आज रेघा वाकड्या कशा?"

"आमच्या मुलांनी काढल्यात," बाबा ताठ मानेने म्हणाले. "त्या अशाच राहणार."

मित्रांनो, काम झाल्यावर मला पुसून कोरड्या जागी ठेवा, एवढे केलेत तरी मी पुष्कळ वर्षे राबेन. पण तुमच्या कामावरून कोणी गुपचूप हात फिरवत असेल, तर पोटदुखीचे सोंग घेऊ नका, समोर उभे राहून बोला. आणि मोठ्या मंडळींनो, मुले आत गेल्यावर मला हात लावाल, तर दांड्यातून निखळून पडेन. सांगून ठेवते!