थांबा, भाव उतरेल

दुकानात काही नवीन आलं की ते घेऊ नका, असं गिऱ्हाइकाला आधी मामाच सांगायचा. असला चष्मेवाला शोधून सापडायचा नाही. पातळ भिंगं नवीन आली तेव्हा म्हणाला, "थांबा, भाव उतरेल." उतरला. ओरखडे न पडणारी भिंगं आली, तेव्हाही म्हणाला, "घाई काय आहे? थांबा." तीही स्वस्त झाली. लोक दुवा द्यायचे. माणूस स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं बोलतो, असं त्याचं नाव झालं होतं, आणि ते नाव त्याला फार आवडायचं. इथेच सगळं चुकलं.

मामाच्या ताईच्या घरी एक नियम होता. डोळ्यांचं काही असलं की मामाला विचारायचं. ताईची मुलगी ठकी शाळेत जायला लागली तेव्हापासून तिचे चष्मे मामाच करायचा. नंबर वाढत वाढत उणे सोळावर गेला. बाकीच्यांची भिंगं यंत्रावर कापली जायची, ठकीची मात्र मामा हाताने घासायचा. जाड कडा झाकायला बारकी गोल फ्रेम शोधायचा, तासन् तास घासून कड गुळगुळीत करायचा आणि वर तिच्या नाकावर चष्मा ठेवून विचारायचा, "आहे का कुणाच्या मामाची छाती असं करायची?" ठकी म्हणायची, "नाही रे बाबा, तूच एक." तेवढ्यावर मामाचा आठवडा छान जायचा.

पण ठकी मोठी होऊन बेकरीत लागली आणि तिथे घोडं अडलं. भट्टीचं दार उघडलं की वाफेचा लोट येतो, चष्म्यावर धुकं धरतं, आणि हातात तापलेला ट्रे. त्या क्षणाला पोरगी चक्क आंधळी. एकदा मनगट भाजलं, एकदा कोपर. डोळ्यांवर चिकटवायच्या लेन्स घालून बघितल्या, तर पीठ आणि धग यांनी डोळे टोमॅटोसारखे लाल झाले. लेसरचं विचारलं, तर एवढ्या नंबराला आणि बुबुळावरच्या इतक्या पातळ पडद्याला लेसर नाही म्हणाले. मग कुणीतरी डोळ्याच्या आत भिंग बसवण्याचं सुचवलं. आपलं मूळचं भिंग तसंच राहतं, त्याच्या पुढे दुसरं नखाएवढं सरकवतात.

"मामा, मला भट्टीपुढे दिसायला हवं. बाकी काही नको," ठकी म्हणाली. "तू चल माझ्याबरोबर. तुला त्यातलं कळतं."

मामा गेला. तपासण्या झाल्या. ठकीच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या केल्या आणि तिला बाहेर बाकावर बसवलं. आत डॉक्टरबाईंसमोर मामा एकटाच. काय ऐट! समोर दुकानदार बसलाय अशा थाटात त्याने सुरुवात केली.

"भिंगाचा भाव वेगळा सांगा, तुमच्या हाताचा वेगळा."

बाई हसल्या. म्हणाल्या, भिंग तिच्या डोळ्याच्या मापाने बनवून घ्यावं लागतं. तिला तिरका नंबर आहे, म्हणून आणखी महाग. शिवाय दोन डोळे, तपासण्या, ऑपरेशनची खोली, माझी फी, पुढे वर्षभराच्या फेऱ्या. माप चुकलं आणि भिंग बदलावं लागलं तर तेही आमच्याकडेच. आकडा ऐकून मामाचे डोळे पांढरे झाले.

"पण हे पुढे स्वस्त होईल ना?" त्याने विचारलं.

"तुमच्या दुकानातली भिंगं साच्यातून हजारांनी निघतात. हे एकेका डोळ्यासाठी होतं. याच्या भावाची वाट बघू नका," बाई म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. "आणखी एक. तिच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जागा जेमतेम आहे. आज भिंग बसतं. वय वाढतं तसा हा कप्पा उथळ होत जातो. करायचं असेल तर फार थांबू नका."

मामाने मान डोलावली. समजलं सगळं, अगदी नीट समजलं. असा कप्पा उथळ होतो हे चष्मेवाल्याला कळणार नाही तर कुणाला? पण जिना उतरून घरी येईपर्यंत डॉक्टरबाईंच्या दोन गोष्टींतली एकच त्याच्याजवळ उरली.

"काय म्हणाल्या?" ताईने दारातच विचारलं.

"महाग आहे गं. नवीन आहे ना, म्हणून. थांबा थोडं, भाव उतरेल."

"पैसे मी जमवीन, मामा," ठकी म्हणाली.

"जमव की. पण उगाच दुप्पट कशाला मोजायचे? माझ्यावर विश्वास आहे ना?"

होता. अहो, तोच तर होता! ताई म्हणाली, मामा म्हणतोय तर थांबू या. आणि मामाने त्याच आठवड्यात ठकीसाठी नवा चष्मा घासायला घेतला, वाफ धरू नये म्हणून वर कसलासा लेप देऊन. लेपाचा उपयोग शून्य. पण घासताना तो शीळ घालत होता. आता याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

अशी तीन-चार वर्षं गेली. ठकीने अधूनमधून विचारायचं, मामाने "बघू" म्हणायचं. मधून त्याला बाईंचं बोलणं आठवायचं. मग तो स्वतःची समजूत घालायचा, डॉक्टर लोक असंच घाबरवतात, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून. म्हणजे बघा, स्वतः कुणाला घाई न करणारा हा माणूस दुसऱ्याच्या घाईत खोट शोधत बसला.

मग एके दिवशी भट्टीसमोर ठकीचा ट्रे तिरका झाला आणि पायावर आला. पट्टी बांधून ती घरी बसली, आणि या वेळी मामाला न विचारता तिने त्याच डॉक्टरबाईंकडे नाव लावलं. पैसे साठलेले होते. मामाला फक्त सोबतीला चल म्हणाली. तो आला.

पुन्हा तपासणी, पुन्हा थेंब. या वेळी ठकी आतच बसली.

बाईंनी मापं दोनदा घेतली. मग म्हणाल्या, "नाही जमणार. जागा कमी झालीये. जबरदस्तीने बसवलं तर डोळ्यातला दाब वाढेल, पुढच्या पडद्याच्या पेशी मरतील. मी हे करणार नाही आणि दुसऱ्या कुणी करतो म्हटलं तरी करू देऊ नका."

"मग कधीच नाही?" ठकीने विचारलं.

"पुढे मोतीबिंदू झाला की मूळचं भिंग काढावंच लागतं. तेव्हा नंबर जाईल. बहुधा साठीच्या आसपास."

"म्हणजे आणखी तीस वर्षं ट्रे सांभाळायचे," ठकी म्हणाली आणि हसली. मामाला उगाच काहीतरी बोलायचं होतं, म्हणून त्याने भाव विचारला. भाव उतरला नव्हता. उलट थोडा चढलाच होता.

बाहेर आल्यावर ठकी बाकावर बसली. उजेड सोसवेना, म्हणून दवाखान्यातला काळा चष्मा लावला. तो तिच्या चष्म्यावर बसत नव्हता, तेव्हा स्वतःचा काढून पर्समध्ये टाकला. मग मामाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "माझा डोळा मुळातच तसला असणार. बरं झालं तू तेव्हा थांबवलंस, नाही का?"

हो म्हणायला मामाला काय लागत होतं? एरवी मान हलवली असती तरी पुरलं असतं, पण आत्ता तिला ती दिसली नसती.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा बसलं असतं. बाईंनी मला सांगितलं होतं, थांबू नका म्हणून. मी घरी फक्त भाव सांगितला."

ठकीने पर्सची साखळी ओढून बंद केली.

"का रे?"

स्वस्त होईल असं वाटलं, तुझे पैसे वाचावेत असं वाटलं, अशी सगळी उत्तरं मामाच्या जिभेवर येऊन गेली. तीही अगदी खोटी नव्हती. पण आज त्याला स्वतःचीच शिसारी आली होती.

"तुझा चष्मा मी करायचो ना," तो म्हणाला. "ते गेलं असतं तर मग तुझ्यासाठी मी काय करणार होतो?"

ठकी उठली, पट्टी बांधलेला पाय जपून टाकत जिन्यापाशी गेली आणि कठड्यासाठी हात पुढे केला. कठडा दुसऱ्या बाजूला होता. हात हवेतच फिरला. मामाला तिथे जाऊन तिला धरायचं होतं, आणि धरायची लाजही वाटत होती.

"ये ना आता," ठकी वैतागून म्हणाली. "मला पायऱ्या दिसत नाहीयेत."

तो धावत गेला. तिने त्याचा दंड घट्ट पकडला आणि एकेक पायरी चाचपत दोघं खाली उतरली. तळाला सपाट फरशी लागल्यावर तिने त्याचा हात सोडला.