नात्याचा रकाना

“मैत्रीण हे काय नातं आहे का, ताई? रक्ताचं कुणी सांगा.” कारकुनाने विम्याचा फॉर्म तिसऱ्यांदा खिडकीतून बाहेर सरकवला.

ती इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायची. सत्तावीस वर्षं तेच काम, म्हणून सगळे तिला प्लास्टरताई म्हणत. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. विमा उतरवायचा म्हटल्यावर आधी एजंटच हसला होता, “तुमच्यामागे आहे कोण?”

मागे आक्का होती. त्याच इस्पितळातली निवृत्त आया, सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी जेरीस आलेली. एकोणीस वर्षं दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या. उद्या प्लास्टरताईचं काही बरंवाईट झालं, तर आक्काला घरमालक महिनाभरही ठेवणार नव्हता. म्हणून विम्याची वारस म्हणून आक्काचंच नाव लावायचं होतं.

“मग भावाचं पत्र आणा,” कारकून म्हणाला, “त्याची हरकत नाही असं. पुढे भानगड नको.”

अर्धी रजा टाकून ती भावाच्या रंगाच्या दुकानात गेली. भाऊ डबा हलवत होता. सगळं ऐकून त्याने डबा खाली ठेवला.

“म्हणजे आम्ही मेलो का तुला? धाकटीचं नाव लाव ना. भाची आहे तुझी.”

“तिला तू आहेस. आक्काला कोण आहे?”

“कुठली कोण बाई! डोक्यावर बसवून ठेवलीयस.”

“माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या कुठल्या कोण बाईने सतरा दिवस माझं सगळं केलं. तू कुठे होतास?”

“तू कळवलंस का मला?” भाऊ एकदम ओरडला. “परक्यांकडून कळलं मला! बहीण ऑपरेशनला गेली, हे गिऱ्हाईक सांगतंय!”

कळवलं नव्हतं, हे खरंच होतं. पत्र काही मिळालं नाही. निघताना गल्ल्यावर बसलेल्या वहिनीने चहा विचारला, तोही तिने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी विमा कचेरीत ती खिडकीशी थांबलीच नाही, तडक मोठ्या साहेबांच्या टेबलापाशी गेली. साहेबांनी चष्मा वर करून फॉर्म वाचला.

“भावाचं पत्र कशाला? असलं काही लागत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?”

तिने खिडकीकडे पाहिलं. कारकून मान खाली घालून शिक्के मारत होता. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या एका नसत्या कागदापायी काल भावाशी उभा दावा झाला होता, आणि इथे कुणाला त्याचं काहीच नव्हतं.

“एकत्र राहता, त्या तुमच्यावर अवलंबून आहेत, एवढं दोन ओळींत लिहा,” साहेब म्हणाले. “आणि नात्याच्या रकान्यात ‘इतर’ लिहा. यादीत तेवढंच बसतं.”

“‘इतर’?”

“हो. झालं मग.”

त्या दोन ओळी तिने लिहिल्या. रकान्यासाठी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मागे साहेबांकडे आलेली आणखी माणसं खोळंबली होती, कुणीतरी मुद्दाम खोकलं. शेवटी तिने बारीक अक्षरात तो तीन अक्षरी शब्द लिहून टाकला, आणि वाचून न पाहताच कागद साहेबांपुढे केला.

घरी आक्का पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

“झालं का गं एकदाचं तुझं ते?”

“झालं.”

“अडवलं असेल ना? मी कोण म्हणून सांगितलंस?”

प्लास्टरताईने पर्स खुंटीला अडकवली. थोडा वेळ तिची पाठच आक्काकडे होती.

“बहीण,” ती म्हणाली. “थोरली बहीण लिहिलंय.”

“आणि चाललं त्यांना?”

“न चालायला काय झालं?”

आक्काने तेलाचे हात पदराला पुसले. मग सरकून तिने सतरंजीवर प्लास्टरताईसाठी जागा केली.